कासूच्या खडीत लपलाय हॉटस्पॉट!

मंडळी, मोबाइलचा हॉटस्पॉट जरा बंद करा. आज पायाखालचा हॉटस्पॉट सुरू करायचाय. पासवर्ड नाही, डेटा अनलिमिटेड, आणि रेंज थेट महाराष्ट्रापासून मादागास्करअलीकडच्या समुद्रापर्यंत!

पेण सोडून रोह्याकडे निघालं की पुढचं स्टेशन कासू. मुंबई-गोवा महामार्गाच्या बातम्या वाचणाऱ्यांना तर हे नाव तोंडपाठ आहे. पळस्पे ते कासू, कासू ते इंदापूर! पण माहीत आहे का, इथल्या रुळांखाली जी काळी खडी अंथरलेली दिसते, तो दगड ज्या भट्टीतून निघाला ती भट्टी आजही पेटलेली आहे? फक्त ती आता कोकणाखाली नाही. सध्याचा पत्ता : रियुनियन बेट, हिंदी महासागर. कासूपासून सरळ रेषेत सुमारे ४,८०० किलोमीटर.

आणि खरा ट्विस्ट पुढे आहे. भट्टी फारशी हललेलीच नाही. हललोय आपण, अख्खा देश पाठीवर घेऊन!

पापड भाजा, बेटं मिळवा

पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही, हे शाळेत शिकलो होतो. सात मोठे तुकडे आणि बरेच छोटे. यांनाच म्हणायचं प्लेट्स, भूगोलाच्या पुस्तकात भूपट्ट. मिसळीच्या प्लेटपेक्षा थोड्या जाड आहेत, शंभरेक किलोमीटर! खालचं तप्त प्रावरण लाखो वर्षांच्या हिशेबात मऊ वागतं, आणि त्याच्यावरून या प्लेट्स सरकत राहतात.

बहुतेक ज्वालामुखी दोन प्लेटांच्या कडेला असतात, जिथे त्या एकमेकींना धडकतात किंवा दूर जातात. पण काही दांडगे थेट प्लेटच्या मधोमध फुटतात. तिथे त्यांना कुणी बोलावलं?

उत्तर पेणच्या पापडात आहे. पोह्याचा पापड निखाऱ्यावर धरा. निखारा जागचा हलत नाही, सरकतो तो पापड. आच लागली तिथे फोड, पुढे सरकवला की शेजारी दुसरा फोड, मग तिसरा. बघता बघता फोडांची रांग! आता निखारा म्हणजे हॉटस्पॉट, पापड म्हणजे प्लेट, आणि समुद्रतळावरचे फोड म्हणजे ज्वालामुखी बेटं. ज्या टोकाला ताजा फोड आहे, तिथे हॉटस्पॉट आज उभा आहे. जितकं लांब जावं तितकं बेट म्हातारं.

ही आयडिया कधीची, माहीत आहे का? १९६३ची. कॅनडाचे भूशास्त्रज्ञ जे. टुझो विल्सन यांनी हवाई बेटांची रांग पाहून ती मांडली. नावाजलेल्या भूशास्त्रीय जर्नलने लेख चक्क परत पाठवला! शेवटी तो ‘कॅनेडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये छापून आला. १९७१ साली जेसन मॉर्गन यांनी पुढचा पत्ता टाकला : हॉटस्पॉटखाली प्रावरणाच्या खोल तळातून वर चढणारा गरम खडकाचा स्तंभ असतो. त्याला म्हणतात प्लूम.

लक्षात घ्या, हा स्तंभ लाव्हाचा नाही. तो घन खडकच असतो, पण गरम असल्यामुळे हळूहळू वर सरकतो. पृष्ठभागाजवळ आला की वरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की तो वितळू लागतो. म्हणजे जास्त आच देऊन नव्हे, ओझं उतरवून वितळलेला दगड. आहे की नाही अजब?

महाराष्ट्र ते रियुनियन, व्हाया मालदीव

नकाशा उघडा. महाराष्ट्रावर बोट ठेवा आणि दक्षिणेला निघा. लक्षद्वीप. मालदीव. चागोस. मग थोडी मोठी उडी, नाझरेथ बँक नावाचा बुडालेला उंचवटा. मग मॉरिशस. मग रियुनियन. स्टेशनं ओळीने लागली ना?

१९८७ साली ‘जॉइडस रेझोल्यूशन’ हे ड्रिलिंग जहाज याच मार्गावर निघालं. समुद्रतळाला भोकं पाडून त्यांनी बेसॉल्ट वर काढला, त्याचं वय मोजलं, आणि टाइमटेबल तयार! महाराष्ट्र सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. मालदीव ५ कोटी ७० लाख. चागोसजवळ ४ कोटी ९० लाख. नाझरेथ बँक ३ कोटींच्या थोडं पुढे. मॉरिशस ८० ते ९० लाख. आणि रियुनियन अगदीच पोर, २० लाखांच्या आसपास. एकही गाडी उलट्या क्रमाने आलेली नाही.

मालदीवला हनिमूनला जाणाऱ्यांनो, माहीत आहे का? त्या पांढऱ्या पुळणीखाली सुमारे दोन किलोमीटर जाडीचा प्रवाळी चुनखडक आहे आणि त्याच्याखाली मेलेला ज्वालामुखी. भट्टीवरून दूर गेलेली प्लेट गार होते, आकसते, खचते. ज्वालामुखी बुडत गेला, प्रवाळ वर वाढत गेलं. आपल्या लक्षद्वीपचीही हीच कुंडली. प्रवाळबेटांचं हे गुपित चार्ल्स डार्विनने १८४२ सालीच ओळखलं होतं, प्लेट टेक्टॉनिक्स जन्मायच्या शंभराहून अधिक वर्षं आधी!

चागोस आणि नाझरेथ बँक यांच्यात एवढी फट का? कारण मधून समुद्रतळाची एक फाटणारी शिवण जाते, मध्य हिंदी महासागरी कटक. साधारण चार कोटी वर्षांपूर्वी ही शिवणच हॉटस्पॉटच्या डोक्यावरून सरकली. तेव्हापासून भट्टी भारताच्या प्लेटखाली नाही, आफ्रिकेच्या प्लेटखाली आहे. एकाच आगीची अर्धी माळ आपल्याकडे, अर्धी त्यांच्याकडे.

आणि हो, सगळ्यांना ही गोष्ट पटलेली नाही. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांनी २००५ साली थेट लिहिलं की दख्खनपासून रियुनियनपर्यंत प्लूमचा माग लागतच नाही. त्यांच्या मते खंड फाटताना कवच ताणलं गेलं आणि लाव्हा वर आला, खोल स्तंभाची गरज नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञ प्लूमच्या बाजूने आहेत. पण विज्ञानात असा एक खमक्या विरोधक हवाच, त्याच्यामुळे बाकीच्यांना पुरावे घासूनपुसून मांडावे लागतात.

एका दगडाचं क्लोज-अप

आता खडीचा एक तुकडा हातात घ्या. रुळांमधली नको, तिथे उतरायचं नाही! रस्त्याच्या कामाला आणून टाकलेल्या ढिगातली घ्या.

रंग काळा-करडा, हाताला जड. ताजी फुटलेली बाजू उन्हात धरली की बारीक चमचम दिसते. ते स्फटिक, इतके बारीक, कारण लाव्हा लवकर थंड झाला आणि त्यांना वाढायला वेळच मिळाला नाही. काही तुकड्यांत वाटाण्याएवढी, ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं दिसतील. वितळलेल्या दगडातून वायू निसटताना राहिलेले ते बुडबुडे. कधी भोक रिकामं, कधी आत पांढरा दाणा भरलेला, कधी कडेला हिरवट अस्तर. पांढरा दाणा बहुधा झिओलाइट. दगड थंड झाल्यावर त्यातून झिरपलेल्या गरम पाण्याने मागे ठेवलेली ठेव!

ही ठेव कधी कधी जॅकपॉट निघते. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हनसाइट नावाचं मोरपिशी निळं खनिज मिळतं. ते प्रथम अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सापडलं, १९७३ साली त्याची नोंद झाली. पण जगातले सगळ्यात देखणे नमुने कुठले? आपल्या वाघोलीचे! खडी फोडायची खाण आणि आतून निघतं जगभरातल्या म्युझियममधलं रत्न. बघायचं असेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाची सहल ठरवा.

घरातला पाटा-वरवंटा आठवतोय? जातं? रगडा? सगळा हाच बेसॉल्ट. मिक्सर येईपर्यंत महाराष्ट्राची चटणी हॉटस्पॉटवरच वाटली जात होती!

पाच लाख चौरस किलोमीटरचा पसारा

थोडे आकडे, पण झणझणीत. डेक्कन ट्रॅप म्हणजे दख्खनचा हा लाव्हा आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख आठ हजार. म्हणजे राज्यात मावला नाही, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटकात सांडला. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग याच दगडाचा.

हा लाव्हा एखाद्या शंकूसारख्या डोंगरातून उडाला असं चित्र डोळ्यांसमोर येतं ना? पुसून टाका. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो उतू गेला. थरावर थर. दोन थरांमध्ये कधी इतकी उसंत मिळाली की वरचा दगड कुजून लाल माती झाली, मग पुढच्या लाव्हाने तिलाही झाकलं. घाटात कातळाच्या मधून जाणारी विटकरी रंगाची पट्टी पाहिलीत? तीच ती. भूशास्त्रात तिला ‘रेड बोल’ म्हणतात. ही पट्टी मऊ, वरखालचा कातळ कठीण. म्हणून पावसाळ्यात सह्याद्रीचे धबधबे टप्प्याटप्प्याने उड्या मारत उतरतात.

थर किती जाड? पश्चिम घाटात रचलेला ढीग दोन किलोमीटरहून जास्त. कोयनेजवळ खोल विंधण घेतलं तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट संपल्यावर खालचा जुना ग्रॅनाइट लागला. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडलं, तिथे ३३८ मीटरमध्येच बेसॉल्ट संपला. पूर्वेकडे थर पातळ होत जातो.

पण पातळ म्हणजे दमला असं समजू नका. लाव्हाचे काही ओघ नद्यांच्या खोऱ्यांतून वाहत वाहत थेट आंध्र प्रदेशात गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीपर्यंत पोहोचले. हजार किलोमीटरहून लांब! पृथ्वीवरचे हे सगळ्यात लांब ज्ञात लाव्हाप्रवाह मानले जातात. रेकॉर्ड आपल्याच नावावर.

आता ही गंमत ऐका. ऑक्सफर्ड असो की प्रिन्स्टन, दख्खनवर काम करणाऱ्या कुणालाही काही मराठी नावं शिकावीच लागतात. लाव्हाच्या थरगटांची अधिकृत नावं अशी : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. यातली नेरळ आणि पोलादपूर तर आपल्या रायगड जिल्ह्यातली! माथेरानची मिनी ट्रेन जिथून सुटते ते नेरळ आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये ‘नेरळ फॉर्मेशन’ म्हणून रुबाबात मिरवतं.

आणि यातला सगळ्यात शुद्ध कोण, माहीत आहे का? अंबेनळी. वर येताना वाटेतल्या जुन्या कवचाची सगळ्यात कमी भेसळ याच लाव्हात झाली. सगळ्यात जास्त भेसळ बुशेमध्ये. एफडीएच्या धाडीशिवाय लागलेला हा शोध आहे, खडकातल्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून.

सह्याद्री हा डोंगरच नाही!

दचकलात? हिमालय घड्या पडून उंचावला. सह्याद्रीला अशी एकही घडी नाही. तो पठाराचा तुटका, झिजत मागे सरकलेला काठ आहे. म्हणून नागोठण्याकडून बघितलं तर अजस्र भिंत, आणि पुण्याकडून आलं तर डोंगर सुरू कधी झाला तेच कळत नाही.

तुटला कसा? इथे कथेत सेशेल्सची एंट्री. सेशेल्स बेटं एकेकाळी भारताच्या पश्चिम कडेला चिकटलेली होती. लाव्हाचा मुख्य धिंगाणा आटोपल्यावर थोड्याच अवधीत, म्हणजे भूशास्त्रीय थोड्याच, सव्वासहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ती सुटून गेली. मधून अरबी समुद्राचा हा भाग उघडला आणि कोकणपट्टीची कड समुद्राकडे झुकली.

हा झोक आजही दिसतो. घाटमाथ्यावर लाव्हाचे थर पाण्याच्या पातळीसारखे आडवे. पनवेलच्या आसपास मात्र तेच थर पश्चिमेला कललेले, काही ठिकाणी वीस-तीस अंशांपर्यंत. जगाच्या भूशास्त्रात या वाकेला नाव आहे ‘पनवेल फ्लेक्शर’. लोकलच्या शेवटच्या स्टेशनाचं नाव असं जगभर गेलंय! पनवेलहून पेणकडे येताना खिडकीची सीट मिळाली तर टेकड्यांच्या उतारावरच्या कातळाच्या रेघा बघा. आडव्या आहेत की तिरक्या?

कोकणात तिरक्या थरांच्या जोडीला उभ्या भिंतीही आहेत. भेगांत घुसलेला शिलारस तिथेच थिजला की काळ्या दगडाची उभी भिंत तयार होते, तिला डाइक म्हणतात. मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या काही डाइकमध्ये तर कवचाच्या तळातले आणि प्रावरणातले खडकाचे तुकडे अडकून वर आलेले आहेत. जिथे कुठलीही बोअरवेल पोहोचणार नाही, तिथला माल जंजिऱ्याला फुकट डिलिव्हरी!

बोअरवेलवरून आठवलं. एकाच्या शेतात पाणी लागतं आणि बांधापलीकडे ठणठणीत कोरडं, हा अनुभव बेसॉल्टच्या मुलखात ठिकठिकाणी येतो. बेसॉल्टमध्ये पाणी दगडात नसतं, भेगांत असतं, आणि मध्ये डाइकची भिंत आली की तिकडचं पाणी तिकडेच अडतं.

डाइकच्या गोष्टीत एक भन्नाट पाहुणा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले जे. बी. ऑडन. १९४९ साली त्यांनी पश्चिम भारतातल्या डाइकवर लिहिलेला निबंध आजही संदर्भात येतो. आडनाव ओळखीचं वाटतंय? प्रख्यात इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडन त्यांचा धाकटा भाऊ! कवीने ‘द असेंट ऑफ एफ-६’ हे गिर्यारोहणावरचं नाटक या भूशास्त्रज्ञ भावालाच अर्पण केलं. आणि जे. बी. म्हणजे जॉन ऑडन यांची पत्नी शीला बॅनर्जी कोण? काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांची नात. दगडापासून कवितेपर्यंत, कवितेपासून काँग्रेसपर्यंत. याला म्हणतात कनेक्टिव्हिटी!

खंड फाटला, किनारा खचला, खळगे पडले. त्या खळग्यांत पुढे गाळ साठत गेला, चुनखडक तयार झाला, आणि १९७४ साली तिथे बॉम्बे हायचं तेल सापडलं. तेलासोबत मिळणारा समुद्रातला वायू उरणला येतो आणि त्याच्यावर नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना उभा राहिला. कासूच्या पुढचं स्टेशन नागोठणे, बरं का! घरातल्या प्लास्टिकच्या बादलीचं मूळही या जुन्या फाटाफुटीत सापडू शकतं.

उन्हेऱ्याचं पाणी कोण तापवतं?

नागोठण्याहून पाली फार लांब नाही. पालीजवळच्या उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत. बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन लोक तिथे आंघोळीला जातात आणि हमखास कुणीतरी म्हणतं, खाली ज्वालामुखी आहे!

नाही हो. बिनधास्त डुंबा. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल उतरतं. खोल गेलं की पृथ्वी आपोआप गरम असते, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हेरे, महाडजवळचं सव, राजापूरचं उन्हाळे, कोकणात ही कुंडं उत्तर-दक्षिण रांगेत आहेत, कारण भेगाच त्या दिशेने पडल्या. खाली शिलारसाची कढई उकळत नाही. कढई ४,८०० किलोमीटरवर आहे, वर सांगितलंच.

कासूची कासवगती आणि भारताची धाव

आज भारताची प्लेट ईशान्येला वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर सरकते. आपटा ते रोहा रेल्वे १९८६ साली सुरू झाली. तेव्हापासून पेण, कासू, नागोठणे, रोहे ही सगळी स्टेशनं मिळून दोनेक मीटर सरकली आहेत. रूळ, प्लॅटफॉर्म, प्रवासी, सगळ्यांसकट. तिकीट तेच!

पण एकेकाळी आपण फॉर्म्युला वनवर होतो. दख्खनचा लाव्हा उसळला त्या सुमारास भारत वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास, काही हिशेबांनुसार १८ सेंटिमीटरने पळत होता. प्लेटांच्या दुनियेत हा सुसाट वेग. का? हैदराबादच्या एनजीआरआयच्या संशोधकांनी २००७ साली ‘नेचर’मध्ये म्हटलं की भारताची प्लेट जेमतेम १०० किलोमीटर जाड आहे, तर एकेकाळी सोबतीला असलेल्या इतर खंडांची १८० ते ३०० किलोमीटर. प्लूमने खालची बाजू वितळवून आपल्याला स्लिम केलं असावं. हलका गडी, जोरात धाव! पाचेक कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकलो आणि वेग उतरला. धडकेचं स्मारक म्हणजे हिमालय.

हे सगळं कळलं कसं, माहीत आहे का? दगडाच्या स्मरणशक्तीने. लाव्हा थंड होताना त्यातले लोहखनिजाचे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने स्थिरावतात आणि तो कल कायमचा गोठतो. कल मोजा, अक्षांश मिळवा. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या क्लेग, ड्यॉइश आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली दख्खनच्या दगडांचा कल मोजला. निकाल : हा दगड थंड झाला तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता! खंड सरकतात यावर निम्मं जग तेव्हा नाक मुरडत होतं. १९५९ साली ड्यॉइश यांच्यासोबत मुंबईच्या टीआयएफआरचे राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या दगडांवर आणखी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. खंडवहनाच्या खटल्यात आपला सह्याद्री असा साक्षीला उभा राहिला, आणि साक्ष फिरवली नाही.

बोनस : दख्खनचा बराचसा लाव्हा अशा काळात उसळला जेव्हा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटं होतं. तेव्हा होकायंत्र असतं तर उत्तरेची सुई दक्षिण दाखवती.

डायनासोर प्रकरण, झटपट

खुनी कोण? मेक्सिकोच्या चिकशुलूबला पडलेला लघुग्रह की आपला लाव्हा? दोन्ही घटना ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या. फेब्रुवारी २०१९मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांनी दोन वेगवेगळ्या घड्याळांनी दख्खनचं वय मोजलं, आणि लाव्हा आघाताच्या आधी किती आला, नंतर किती, यावर त्यांचं जुळलं नाही. मुख्य आरोपी लघुग्रह, असं बहुतेकांचं मत. पण दख्खनला क्लीन चिट अजून नाही.

वाचले ते बेडूक! मुंबईत वरळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. १८४७ साली त्यांना नाव देणारे गृहस्थ रिचर्ड ओवेन. ‘डायनासोर’ हा शब्द घडवणारेही तेच.

मॉरिशस : आग एकच, माणसंही आपली

१८३४नंतर गिरमिट करारावर भारतातून मजूर मॉरिशसला गेले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरून साडेचार लाखांहून अधिक माणसं उतरली. त्यात कोकणातलीही होती. बेसॉल्टवरून उठले, महासागर ओलांडला, आणि त्याच हॉटस्पॉटच्या दुसऱ्या बेसॉल्टवर ऊस लावायला लागले!

आज तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ नावाने नाचली जाते. तिथलं गंगा तलाव हे तीर्थक्षेत्र माहीत आहे का? महाशिवरात्रीला लाखो भाविक चालत तिथे जातात. तो तलाव म्हणजे ज्वालामुखीचं विवर. हॉटस्पॉटच्या तोंडावर शंकर, जागा अगदी शोभणारी!

मॉरिशसचं आणखी एक बिंग २०१३ साली फुटलं. बेट ९० लाख वर्षांचं, पण किनाऱ्याच्या वाळूत झिर्कॉनचे असे कण मिळाले ज्यांचं वय सहासष्ट कोटींपासून जवळजवळ दोनशे कोटी वर्षांपर्यंत होतं. बेटापेक्षा वाळू म्हातारी! २०१७ साली तर तिथल्या खडकातच तीनशे कोटी वर्षांचे झिर्कॉन सापडले. अर्थ? लाव्हाखाली एका हरवलेल्या खंडाचा तुकडा गाडला गेलाय. त्याचं नाव मॉरिशिया.

आणि आता मुख्य भट्टी

रियुनियन हा फ्रान्सचा भाग. चलन युरो. आकार रायगड जिल्ह्याच्या साधारण एक तृतीयांश. त्याच्यावर बसलाय ‘पितों द ला फुर्नेझ’, २,६३२ मीटर उंच, सतराव्या शतकापासून दीडशेहून अधिक उद्रेक. जगातल्या सगळ्यात चपळ ज्वालामुखींपैकी एक.

एप्रिल १९७७मध्ये लाव्हा सेंत-रोझ गावात शिरला. चर्चच्या दारापर्यंत आला, दोन्ही बाजूंनी वळसा घेतला आणि थांबला. चर्च शाबूत! आता त्याचं नाव ‘लाव्हाची माता’ अशा अर्थाचं आहे. त्या उद्रेकानंतर तिथे ज्वालामुखी वेधशाळा उभी राहिली. एप्रिल २००७मध्ये तर शिखरावरच्या विवराचा तळ काही दिवसांत ३०० मीटरहून खाली कोसळला.

पावसात मात्र कोकणाने हात टेकावेत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, आठवण काढली तरी काळजात धस्स होतं. रियुनियनच्या फॉक-फॉकला जानेवारी १९६६मध्ये २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पडला, हा विश्वविक्रम. फेब्रुवारी २००७च्या चक्रीवादळात कोमेर्सों विवरापाशी तीन दिवसांत जवळपास ३,९३० मिलिमीटर! रायगडला वर्षभराचा पाऊस ३,००० मिलिमीटरच्या आसपास असतो. हॉटस्पॉटनेच उभे केलेले तीन हजार मीटरचे डोंगर वादळांना अडवतात आणि सगळं पाणी तिथेच उतरवून घेतात.

पुढचं बेट कुठे?

हॉटस्पॉटचा सुपरस्टार हवाई. तिथला मौना केआ समुद्रसपाटीपासून ४,२०७ मीटर, पण समुद्रतळापासून मोजला तर दहा किलोमीटरहून उंच. एव्हरेस्ट, जरा सरक! आपल्या अंदमानातलं बॅरन बेट मात्र या खानदानातलं नाही. भारताचा हा एकमेव जागा ज्वालामुखी एक प्लेट दुसरीखाली घुसण्यातून जन्मला.

हवाईचं पुढचं बेट तयार होतंय, त्याचा माथा समुद्राखाली सुमारे ९७५ मीटरवर पोहोचलाय. पूर्वी सुटसुटीत नाव होतं, लोइही. २०२१ साली नवं मिळालं : कामाएहुआकानालोआ. पाठ करायला वेळ भरपूर आहे. पाण्याबाहेर यायला त्याला दहा हजार ते एक लाख वर्षं लागतील.